जुन्या लक्झरी एसयूव्हीच्या जाहिरातीत इंजिन पण छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

आपल्या छोट्या जाहिरातींत हल्ली जुन्या बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज भरपूर दिसतात. नव्या क्रेटाच्या पैशात बीएमडब्ल्यूची एक्स३ नाहीतर ऑडीची क्यू५ मिळतेय म्हटल्यावर माणूस फोन लावणारच. पण जाहिरातीत असतं काय तर मॉडेल, रंग, किलोमीटर, सनरूफ आणि 'सिंगल ओनर'. इंजिन कोणतं, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललंय, गाडी पुरात गेली होती का, यातलं काहीच नसतं आणि घेणाऱ्याचे पैसे नेमके तिथंच बुडतात. मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो, रोज याच गाड्या उघडतो, म्हणून लिहितोय.

एक्स३ चंच बघा. २०११ ला आपल्याकडे आलेल्या दुसऱ्या पिढीच्या २०डी, म्हणजे २ लिटर डिझेल मॉडेलमध्ये एन४७ कोडचं इंजिन होतं, त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टनची वेळ जुळवणारी साखळी, मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडं. चेन सैल पडली की गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन खाली उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, म्हणजे पार्टपेक्षा लेबर मोठं, आणि चालत्या गाडीत तुटली तर व्हॉल्व पिस्टनवर आपटून इंजिनच संपतं. २०१४ ला त्याच गाडीचं रूप थोडं बदललं (फेसलिफ्ट) तेव्हा बी४७ इंजिन आलं, चेन त्यातही मागंच आहे पण त्रास खूपच कमी. आता गंमत अशी की आरसीवर दोन्ही १९९५ सीसीच दिसतात, मग साध्या माणसानं ओळखायचं कसं? मर्सिडीज जीएलसी २२०डी ला निदान सीसीवरून कळतं, २१४३ असेल तर जुनं इंजिन, १९५० असेल तर नवं, आणि माझं मत विचाराल तर थोडे पैसे जास्त गेले तरी १९५० वालीच घ्या, आवाजाला आणि पिकअपला दोन्हीत बराच फरक आहे.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की सकाळपासून स्टार्ट करू नका. बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या, कारण थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होतं त्या दोनचार सेकंदांत इंजिनच्या मागच्या बाजूनं, डॅशबोर्डच्या पलीकडून, बारीक साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतोय का हे ऐकायचं असतं आणि एकदा इंजिन तापलं की तो आवाज बऱ्याचदा लपतो.

गिअरबॉक्सचं म्हणाल तर बीएमडब्ल्यूचा ८ स्पीड गिअरबॉक्स झेडएफ ही जर्मन कंपनी बनवते आणि तो मजबूत आहे, फक्त 'लाइफटाइम ऑइल' या शब्दावर विसंबू नका, झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. पहिल्या पिढीच्या डिझेल क्यू५ ला ७ स्पीड ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, त्याचं ऑइल साधारण ६० हजार किलोमीटरला बदललंच पाहिजे, नाहीतर मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचं काम निघतं आणि ते लाखांत जातं. त्यामुळं क्यू५ घ्यायची तर ऑइलची बिलं हातात घेऊन, बिलं नसतील तर किंमत कितीही उतरली तरी सोडून द्या. व्होल्वो एक्ससी६० च्या ५ सिलिंडर डी५ कडं लोक बघत नाहीत, पण इंजिन फार टिकाऊ, टायमिंग बेल्ट वेळेवर बदललेला असावा एवढंच. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी राहणारी गाडी असेल, रेंज रोव्हर वगैरे, तर रात्रभर उभी करून सकाळी बघा, एक कोपरा खाली बसलेला दिसला की हवा गळतेय आणि ती भरून भरून कॉम्प्रेसर पण जायच्या वाटेवर आहे.

हँडलिंग शोरूमच्या बाहेर एक चक्कर मारून कळत नाही. गगनबावडा नाहीतर आंबा घाटात न्या, उतारावर वळणात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतंय का, खराब रस्त्यावर पुढून टकटक येतेय का ते बघा. घाटात मला तरी एक्स३ सगळ्यात आवडते, वळणात अंग टाकत नाही, आणि तिचीच ६ सिलिंडरची ३०डी (३ लिटर डिझेल) चांगल्या हिस्टरीची मिळाली तर डोळे झाकून नाही पण मनापासून घ्या म्हणेन. हायवे जास्त असेल, घरात वयस्कर माणसं असतील तर जीएलसी बरी. आणि चारही टायर एकाच कंपनीचे, सारखे झिजलेले आहेत का ते बघाच, ऑल व्हील ड्राइव्हला दोन नवे दोन जुने टायर लावून चालवलं की ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग, खराब होते.

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडं येतायत. स्वस्त दिसतात पण इथं पुन्हा टॅक्स भरायचा, बँकेचा बोजा उतरलाय का बघायचं, तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. मीटर मागं केलेला असला तरी बऱ्याच गाड्यांत किलोमीटर गिअरबॉक्सच्या नाहीतर दुसऱ्या मोड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, राहतात, चांगला स्कॅनर लावला की कळतं.

पुराचं तर आपल्याला सांगायलाच नको, २०१९ आणि २०२१ दोन्ही आपण बघितलेत. पाण्यात गेलेल्या गाड्या विम्याच्या लिलावातून निघतात, पॉलिश होतात आणि लांबच्या शहरात विकल्या जातात. असलीच एक गाडी एका गिऱ्हाईकानं बाहेरून आणली होती, आतून एकदम चकाचक, पण मागचा सीट बेल्ट पूर्ण ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची सरळ रेघ, आणि कार्पेट उचललं तर वायरिंगचे सॉकेट हिरवे पडलेले. त्या माणसानं पीएफ काढून गाडी घेतली होती.

म्हणून विनंती एवढीच की जुन्या गाडीची जाहिरात घेताना इंजिन कोड, शेवटची गिअरबॉक्स सर्व्हिस आणि विम्याचा क्लेम झालाय का, एवढ्या गोष्टी विचारून छापा. ज्याला सांगायचं नसेल त्याच्या जाहिरातीत 'माहिती दिली नाही' असं छापलं तरी चालेल, घेणारा तेवढ्यावरून काय ते समजेल.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक, कोल्हापूर