मनाऊस ते बेलेम : झोळी कुठे बांधाल?

बेलेम, ब्राझील

ति. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

मनाऊसहून इकडे ॲमेझॉन नदीतून बोटीनेच यायचं म्हणता, तर आधी पीतज्वराची (यलो फीवरची) लस घ्या. ब्राझीलहून परतताना आपल्या विमानतळावर तिचं कार्ड तपासतात; नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस किमान १० दिवस आधी हवी. दादाची साठी उलटली आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच.

अंतर सुमारे १६०० किलोमीटर, प्रवाहाबरोबर चारेक दिवस. सप्टेंबर ते नोव्हेंबर टाळा, पाणी उतरतं आणि बोटी वाळूत अडकून रखडतात.

केबिन मिळते, पण माणसं भेटतात ती झोळ्यांच्या डेकवरच, जिथे सगळे आपापली झोळी टांगून तिच्यातच झोपतात. झोळी मनाऊसच्या बंदराजवळ विकत मिळते. सुतीच घ्या. सोबत प्रत्येकी दोन दोर, दीड-दोन मीटरचे, आणि एक चादर. रात्री नदीवरचा वारा चांगलाच बोचतो. बोट सुटण्याच्या चार-पाच तास आधी जाऊन जागा धरा. मागे इंजिन आणि संडास, सगळ्यात वर बार आणि कर्कश गाणी, म्हणून मधल्या मजल्यावर, मध्यापेक्षा जरा पुढे बांधा. झोळीत सरळ झोपाल तर कंबर धरेल. तिरकं आडवं व्हायचं. उशिरा येणारे तुमच्या वर-खाली झोळ्या टांगतील, कोपर लागेल. कुरकुर करू नका. गाठ सुटत असली तर शेजारीच बांधून देतात आणि तुम्ही अंघोळीला गेलात की बॅगेवर नजरही तेच ठेवतात. पासपोर्ट आणि पैसे मात्र अंगावरच.

जेवणात भात, घेवडा, कोंबडी. वहिनी, नुसतं मांस नको म्हटलंत तर कोंबडी ताटात येते. कोंबडी नको, मासा नको, असं वेगवेगळं सांगायचं. घेवड्यातही मांसाचे तुकडे असतात, तेवढं विचारा. वरून भुरभुरायला फारिन्या असतं, आपला साबुदाणा ज्या कंदाचा करतात त्याचाच भाजलेला रवा. उपासाला चालेल की नाही, ते आईने ठरवावं.

शेवटच्या टप्प्यात, ब्रेव्हेस गावाजवळ, नदीचे फाटे अरुंद होतात आणि काठावरच्या घरांतून होड्या निघतात. मोठी मुलं चालत्या बोटीला लोखंडी आकडा अडकवून वर चढतात, कोळंबी आणि आसाई नावाच्या ताडाची फळं विकतात. लहान मुलं आणि बायका होडीतच थांबतात. प्रवासी त्यांच्यासाठी कपडे, बिस्किटं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाण्यात टाकतात. गाठ घट्ट हवी, नाहीतर पिशवी बुडते. बोटीच्या मागच्या बाजूला टाकू नका, तिथे पंखा फिरत असतो आणि मुलं पिशवीमागे तिकडेच वळतात. वहिनी, आपल्या छोटीचे आखूड झालेले फ्रॉक आणलेत तर इथे लगेच वापरात येतील.

इथल्या चलनाचे, म्हणजे रेआलचे, सुटे पैसे ठेवा. बाकी भेटीअंती.

तुमचा,
बाळू