वस्ताद, त्या कॅलेंडरच्या पानाबद्दल

वस्ताद, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. तालमीतलं कोणीतरी पोरगं तुम्हाला वाचून दाखवेलच.

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ वर धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ. पण आमच्या कुंभार गल्लीचा भरवसा होता भिंतीवरच्या २००५ च्या पुराच्या खुणेवर. त्या खुणेच्या वर फळ्या ठोकल्या की गणपतीच्या मूर्ती सुरक्षित, असं सगळी गल्ली धरून चालली होती. पाणी ती खूण बुडवून वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, पंपावर पेट्रोल नाही, उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यामुळं नळ कोरडे. दारात पंचगंगा आणि प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट.

पाणी उतरल्यावर शेडचं शटर उघडलं. कच्ची शाडू पाण्यात टिकत नाहीच. फळीवर नुसते गोळे बसले होते, एकावर मुकुटाची कड तेवढी ओळखू येत होती. प्लॅस्टरच्या मूर्ती उभ्या होत्या, पण रंगाचे पापुद्रे सुटलेले. सगळ्यावर बोटभर काळा गाळ आणि तो वास. चतुर्थी २ सप्टेंबरला. ॲडव्हान्स घेतलेला, तो मातीत आणि रंगात गेलेला. फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा, मी तो उशीखाली सारायची. रात्री झोप नाही, सकाळी शेडकडं पाय वळत नाहीत.

तुम्ही पोरं आणि फावडी घेऊन आलात. गल्लीतल्या प्रत्येक घरातला गाळ तालमीच्या पोरांनी ओढला, त्याचे आभार सगळ्यांनी मानलेत. माझे आभार त्याच्या नंतरच्या अर्ध्या तासाचे आहेत.

बादली पालथी घालून तुम्ही बसलात आणि विचारलंत, "भ्या वाटतंय म्हनतीस, पर कशाचं? एकेक सांग." मी म्हटलं, सगळ्याचंच. "सगळ्याचं असं काय नसतंय," म्हणत तुम्ही कॅलेंडरचं एक पान फाडून उलटं केलंत आणि माझ्या हातात पेन दिलंत. लिहायला बसले तर पाचच ओळी झाल्या. गिऱ्हाईक पैसे मागणार. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थकणार. चतुर्थीला द्यायला मूर्ती नाही. पुन्हा पाणी येईल. आणि शेवटची, लिहायला लाज वाटली ती, की हा धंदा माझ्याच्यानं होणार नाही असं सासरे म्हणतील. (ते म्हणाले नाहीत. त्यांना स्वतःलाच झोप नव्हती, हे मागाहून कळलं.)

मग तुम्ही आखाड्यातलं सांगितलंत. नवा पोरगा मैदानात उतरला की समोरचा त्याला डोंगराएवढा दिसतो, आणि लांब उभा राहील तेवढा तो मोठाच होत जातो. म्हणून खडाखडी करायची, मनगट धरून बघायचं, त्याचा जोर किती ते हाताला कळू द्यायचं. "हात लावल्याबिगर डाव सुचत नाही," म्हणालात.

पहिला हात फोनला लावला. एकेका गिऱ्हाइकाला मीच फोन केला. पैसे परत मागणारे निघाले, पण मोजकेच. बहुतेकांनी विचारलं ते एवढंच: "लहान चालेल, पण शाडूची मिळेल का?" तिथून वाट दिसली. गोळ्यांवरचा गाळ खरवडला, आतली शाडू भिजवून कापडातून गाळली, पोत्यांवर पसरली, तालमीच्या माळ्यावर पंखे लावून वाळवली. तीन फुटी मूर्ती त्या पावसात वाळली नसती. नऊ इंची, फूटभर वाळतात. तुमच्या पोरांनीही गोळे मळले, आणि मातीशी जन्म काढलेल्या हातांना शाडू मळणं जमेना, याची गल्लीत बरेच दिवस चेष्टा चालली होती.

त्या वर्षी पदरात फार पडलं नाही, हेही सांगायला हवं. पूर आला म्हणून आमचं भलं झालं असं कोणी म्हणालं तर मला राग येतो. पण लहान मूर्तीवर हात बसला. २०२० ला कोरोनात सरकारनं घरगुती मूर्तीला २ फूट आणि मंडळाच्या मूर्तीला ४ फुटांची मर्यादा घातली, तेव्हा मोठे साचे असलेले कारखाने अडचणीत आले. आमच्याकडं लहान साचे तयार होते. मळलेल्या शाडूची पिशवी आणि मूर्ती करायला शिकवणारा व्हिडिओ विकायलाही तेव्हाच सुरुवात केली. आज घर चालतं त्यातला चांगला वाटा त्या पिशव्यांचा आहे.

चौथी ओळ, "पुन्हा पाणी येईल", तिच्यापुढं तुम्ही मला फूट लिहायला लावले होते. ३५ ला रंग, ब्रश, मोटर वर. ३९ ला तयार मूर्ती तालमीच्या माळ्यावर. ४३ ची वाट न बघता म्हातारी माणसं आणि पोरं पाहुण्यांकडं. जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा भीती वाटलीच, हात कापत होते. पण कापत्या हातांनी आम्ही पानावर लिहिलेलं करत गेलो आणि मूर्ती वाचल्या. शेड बुडाली ती बुडालीच, तिला इलाज नव्हता.

आता गल्लीतल्या आणखी काही घरांनी आपापले फूट लिहून भिंतीला लावलेत. कोणाचा ३७, कोणाचा ४१, ज्याच्या त्याच्या उंबऱ्याप्रमाणं.

तालमीची यंदाची मूर्ती रंगाला आली आहे. पैसे घेणार नाही म्हटलं तरी तुम्ही पाकीट पाठवताच, त्यावरून आता भांडत नाही. फक्त मूर्ती न्यायला पोरांना धाडून घरी बसू नका, स्वतः या. गुडघ्याचं कारण चालणार नाही, शेडपर्यंत रिक्षा येते. सासरे तुमची वाट बघताहेत.

तुमची,
कुंभार गल्लीतली सूनबाई