उभे करून नाडी मोजा

संपादक महोदय,

उभी राहिले की छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. ईसीजी, रक्ततपासण्या नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका’ हेच ऐकत दोन वर्षे गेली. अखेर टिल्ट टेबल चाचणीत (टेबलावर बांधून आडव्यावरून हळूहळू उभे करतात) नाडी ७४ वरून ११८ वर गेली आणि तिथेच राहिली. रक्तदाब मात्र पडला नाही. हा पॉट्स, म्हणजे हृदयाचे ठोके, रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचा विकार. प्रौढांमध्ये उभे राहिल्यावर १० मिनिटांत नाडीत मिनिटाला किमान ३० ठोक्यांची टिकून राहणारी वाढ, हा त्याचा निकष.

आता भरपूर पाणी, डॉक्टरांनी ठरवून दिलेले जास्तीचे मीठ (उच्च रक्तदाब असलेल्यांनी हे स्वतःहून मुळीच करू नये), पायांना घट्ट मोजे आणि अंथरुणातून सावकाश उठणे, यावर दिवस निभावतो.

आडवे असताना आणि उभे करून नाडी मोजायला घड्याळ पुरते. डॉक्टरांनी तेवढे तरी करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक