रबाळ्याच्या टाकीसाठी

ड्रेस्डेन, १२ जानेवारी

प्रिय दादा,
सा. न.

तुझा फोन झाल्यापासून डोक्यात ती मेणाची टाकीच आहे. थर्मोस्टॅट ७५ वर लावला तरी मेण ८३ पर्यंत चढतं आणि वहिनीने मोजून घातलेला मोगऱ्याचा सुगंध उडून जातो. दुपारी शेजारच्या गाळ्यातली यंत्रं सुरू झाली की मात्र टाकी तापता तापत नाही. दोन्हीचं मूळ एकच आहे. तुझा थर्मोस्टॅट फक्त तापमान बघतो. हीटर किती वॅट देतोय, तिकडे कुणाचंच लक्ष नाही. पॅनेल करणाऱ्यालाही हे पत्र दाखव.

आधी दुपारचं बघू. हीटर २३० व्होल्टला ३००० वॅटचा, म्हणजे त्याचा रोध साधारण १७.६ ओहम आणि प्रवाह १३ अँपियर. वॅट व्होल्टेजच्या वर्गाने बदलतात. त्यामुळे व्होल्टेज २१० वर आलं की तोच हीटर २५०० वॅटच देतो. व्होल्टेज नऊ टक्के उतरलं, पण उष्णता सतरा टक्के गेली.

पंख्याच्या रेग्युलेटरसारखा मोठा डिमर बसवू का, असं तू विचारलंस. नको. तो विजेची प्रत्येक अर्धी लाट सुरुवातीला कापतो. पाव लाट कापली तर वाटतं की ७५ टक्के वॅट मिळतील, पण मिळतात ९१. पाऊण कापली तर २५ नाही, जेमतेम ९ मिळतात. लाटेचा सगळा जोर मधल्या भागात असतो ना! म्हणजे नॉब आणि वॅट यांचा सरळ हिशेब राहत नाही. शिवाय लाट मध्येच तुटल्यामुळे आजूबाजूच्या यंत्रांना विद्युत गोंगाटाचा त्रास होतो, तो वेगळाच.

त्यापेक्षा लाटा मोजून दे. आपल्याकडे सेकंदाला ५० पूर्ण लाटा येतात, इथे जर्मनीतही तेवढ्याच. झिरो-क्रॉसिंगवाला एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलत्या भागांशिवाय चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लाट शून्यावर असतानाच चालू होतो आणि शून्यावरच बंद होतो, त्यामुळे लाट तुटत नाही. पन्नासपैकी पंचवीस लाटा दिल्या की बरोबर निम्मे वॅट. दहा सेकंदांचा एक फेरा धरलास तर हाताशी ५०० लाटा येतात, म्हणजे ०.२ टक्क्यांपर्यंत बारीक नियंत्रण. हीटर पाच सेकंद चालू आणि पाच सेकंद बंद राहिला म्हणून मेण वरखाली होईल, ही भीती नको. पाच सेकंदांत १५ हजार ज्यूल जातात. तेवढ्याने ४० किलो मेण पाव अंशही तापत नाही, आणि तुझ्या टाकीला तर भोवती पाण्याचं जॅकेटही आहे.

जॅकेटमुळेच ते ८३ होतं. मेण ७५ ला पोचून थर्मोस्टॅट तोडतो, तेव्हा पाणी त्याहून कितीतरी गरम असतं आणि पुढेही उष्णता देत राहतं. म्हणून एसएसआर आउटपुटचा पीआयडी कंट्रोलर घे, म्हणजे तापमान किती आहे आणि किती वेगाने बदलतंय ते बघून वॅट ठरवणारा. ७५ जवळ येऊ लागलं की तो वॅट आधीपासूनच कमी करतो. ऑटोट्यून, म्हणजे कंट्रोलर स्वतःचे आकडे स्वतःच बसवून घेतो ती चाचणी, टाकी भरलेली असतानाच कर, रिकाम्या टाकीवर काढलेले आकडे कामाचे नाहीत.

दुपारच्या व्होल्टेजसाठी पीआयडीही थोडा उशिरा जागा होतो, कारण आधी तापमान पडावं लागतं. प्रत्येक घाण्याला तापायला तेवढाच वेळ लागायला हवा असेल, तर व्होल्टेज मोजून लाटा वाढवणारा कंट्रोलर लागेल. १५०० वॅट हवे असतील तर २३० व्होल्टला ५० टक्के लाटा पुरतात, २१० ला ६० टक्के लागतात. आमच्या प्रयोगशाळेतल्या भट्ट्या असंच करतात. मला तरी तुझ्यासाठी आत्ता पीआयडी पुरेसा वाटतो, ही भर नंतर घालता येईल.

एसएसआर ४० अँपियरचा घे आणि मोठ्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) बसव. चालू असताना त्याच्यावर एक-दीड व्होल्ट पडतं, म्हणजे १३ अँपियरला पंधरा-वीस वॅट त्याच्यातच जिरतात. रबाळ्याच्या मे महिन्यात बंद पॅनेलमध्ये ते जड जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे पैसे वाचवू नकोस. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन चालूच राहतो. मग कंट्रोलर कितीही ‘बंद’ म्हणाला तरी हीटर तापतच राहणार. म्हणून वेगळ्या सेन्सरचा, हाताने रीसेट करावा लागणारा अति-तापमान कटआउट लाव आणि त्याने कॉन्टॅक्टर (मोठा विद्युतचुंबकी स्विच) पाडून हीटरची लाइन तोडायची. जॅकेटमधलं पाणी कमी झालं तरी तोच कॉन्टॅक्टर पडावा, यासाठी फ्लोट स्विच हवा. अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) तपासून घे. वहिनी दिवसभर त्या टाकीपाशी उभी असते. कटआउट आणि फ्लोट स्विच दोन्ही बसेपर्यंत हीटर चालू ठेवून कुणी जेवायलाही जायचं नाही.

मेन स्विच पाडून, हीटरच्या तारा सोडवून मल्टिमीटरने रोध मोज. सकाळचं आणि दुपारचं व्होल्टेज मात्र पॅनेलवाल्याला हीटर चालू असताना मोजायला सांग. तिन्ही आकडे कळव, म्हणजे कंट्रोलरची सेटिंग्ज मी लिहून पाठवते.

ती. आई-बाबांना शि. सा. न. सांग.

तुझी,
छोटी