साइन ऑफ झालं की फोन वाजत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत करिअरचं जे पान होतं त्यात मर्चंट नेव्हीच्या वाट्याला दोनच वाक्यं आली होती, पगार भरपूर आणि आयुष्य तुरुंगासारखं. वाचून आधी हसू आलं, मग थोडा रागही आला, म्हणून लिहायला बसलो. मी बोटीवर इंजिन साइडला आहे, कॅडेटपासून धरलं तर २२ वर्षं झाली, सध्या चीफ इंजिनियर. मधली चार वर्षं मात्र किनाऱ्यावर ऑफिसात काढलीत, त्यामुळे दोन्हीकडचं पाणी प्यायलोय असं म्हणायला हरकत नाही.

ऑफिसात मी सुपरिटेंडंट होतो. म्हणजे कंपनीच्या चार-पाच जहाजांची मशिनरी किनाऱ्यावर बसून सांभाळायची, स्पेअर्स मंजूर करायचे, ड्राय डॉक (दुरुस्तीसाठी जहाज पाण्याबाहेर घेणं) ठरवायचं, बजेटवरून वरच्यांचं ऐकायचं आणि रात्री जहाजावरच्यांचे फोन घ्यायचे. आता हा घरी राहणार म्हणून बायको खूश, आई खूश. राहिलो की घरी, पण कसा ते ऐका. पाच जहाजं पाच टाइम झोनमध्ये, एकाची रात्र होते तेव्हा दुसऱ्याची सकाळ, त्यामुळे फोनला झोप नाही आणि मलाही नाही. मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला ती मेणबत्त्या विझवत होती तेव्हा मी बाल्कनीत, कानाला फोन, पलीकडून सेकंड इंजिनियर सांगतोय की सर दोन नंबर जनरेटर परत हाय टेम्परेचरला ट्रिप झाला, कूलर उघडून साफ केला तरी तेच, आणि मी काचेतून आत बघतोय. फोटोत मी आहे, मागे, पाठमोरा. त्याच्या आदल्या वाढदिवसाला मी समुद्रात होतो, तेव्हा पोरीला ते समजत तरी होतं की बाबा बोटीवर आहे. घरात असून नसलेला बाबा तिला कसा समजावणार?

आता दुसरी बाजू सांगतो. कॉन्ट्रॅक्ट संपून साइन ऑफ होतो त्या दिवशी रिलीव्हर, म्हणजे माझ्या जागी येणारा इंजिनियर, गँगवेने (जहाजाच्या शिडीने) वर येतो, प्रवासाने डोळे लाल, हातात बॅग. त्याला चहा पाजायचा आणि सगळीकडे फिरवायचं. हा पंप आवाज करतो पण चालतो, घाबरू नको. ह्या टाकीत साउंडिंग टेप (पातळी मोजायची) अडकतो, हळू सोड. तीन नंबर युनिटचा (सिलिंडरचा) एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बदलायला झालाय, स्पेअर स्टोअरमध्ये डावीकडच्या रॅकवर आहे. मग बंकरचा, म्हणजे इंधनाचा, हिशोब जुळवायचा, रेकॉर्ड बुकं, चाव्या, हँडओव्हर नोट्सवर दोघांच्या सह्या. आणि मग बॅग उचलून खाली उतरायचं, शेवटच्या पायरीवरून जेटीवर पाय ठेवला की ते इंजिन माझं राहत नाही. रात्री अडीचला बंद पडलं तरी रिलीव्हर उठणार, मी नाही. पुढचे चार महिने कुणाचा ईमेल नाही, कुणाचा रिपोर्ट नाही, सोमवार कधी आला ते कळतसुद्धा नाही. अशी सुट्टी मला ऑफिसात चार वर्षांत एकदाही मिळाली नाही, तिथे १० दिवस रजा टाकली की आधीचे १० दिवस डबल काम आणि परत आल्यावर चारशे मेल.

लोक म्हणतात पण घरच्यांना वेळ देता येत नाही ना. मी हिशोब मांडला होता, इंजिनियरची खोडच ती. ऑफिसात असताना मुलगी उठायच्या आत घराबाहेर आणि परत येईपर्यंत तिची झोपायची वेळ, जागेपणी मिळायचा फार तर एक तास, वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले तर २५० तास. शनिवार-रविवार आणि बाकी सुट्ट्यांचे ११५ दिवस, दिवसाला सहा तास धरा, म्हणजे ६९० तास. एकूण ९४०. बोटीवर चार महिने कामाचे, चार घरचे असं चालतं, वर्षाला साधारण १८० दिवस घरी, तिची शाळा वगळून रोज पाच तास धरले तर ९०० तास. म्हणजे हिशोब जवळपास बरोबरीत सुटला! रोज घरी येणारा बाप आणि सहा महिने गायब असलेला बाप, दोघांच्या हातात तेवढेच तास. फरक एवढाच की माझे तास सलग असतात. तिला सायकल शिकवायला दोन आठवडे लागले, रोज संध्याकाळी, एकही दिवस चुकवला नाही, हे रविवारच्या बाबाला जमलं नसतं. (आणि ऑफिसला जायला-यायला रोजचे दोन तास जायचे ते मी धरलेच नाहीत, वर्षाचे ५०० तास होतात, म्हणजे जवळजवळ २१ अख्खे दिवस आणि रात्री. बोटीवर केबिनपासून कंट्रोल रूमपर्यंत जिने उतरायचे, ट्रॅफिक नाही.)

कामाबद्दल सांगायचं तर तिथे काय केलं ते डोळ्यांना दिसतं, आणि ह्याची सवय लागली की ऑफिसात करमत नाही. फोर्थ इंजिनियर असताना अँकरेजला, म्हणजे जहाज नांगर टाकून उभं असताना, पहिल्यांदा पिस्टन काढला होता. सिलिंडर कव्हर उचलायचं, मग क्रेनला लटकून रॉडसकट तो पिस्टन हळूहळू वर येतो, दोन माणसांच्या उंचीचा, तेलाने निथळणारा, आणि सगळे श्वास रोखून बघत असतात की कुठे घासत तर नाही ना. मग आत शिडी सोडून तुम्ही स्वतः त्या सिलिंडरमध्ये उतरता, मायक्रोमीटर घेऊन वरपासून खालपर्यंत लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, किती झिजलाय ते मोजता, वरून कुणीतरी आकडे लिहून घेतं. नवीन रिंगा टाकून सगळं परत बसवलं तेव्हा रात्र झाली होती, अंगातला बॉयलर सूट पिळला असता तर बादली भरली असती. पहाटे ब्रिजवरून टेलिग्राफ आला, म्हणजे इंजिन चालू करायची ऑर्डर, इंजिनने पहिल्याच फटक्यात घेतलं, आणि मी त्या युनिटला हात लावून उभा राहिलो, सगळी टेम्परेचर बाकीच्यांच्या लाइनीत येईपर्यंत. २४ वर्षांचा होतो. माझ्याबरोबर शिकलेले तेव्हा ऑफिसात साहेबाच्या प्रेझेंटेशनचे रंग बदलत होते. नंतर मीही चार वर्षं एक्सेलच भरलं म्हणा, कुणाला हसू कशाला.

लहान वयात जबाबदारी अंगावर पडते ती अशी, कारण समुद्राच्या मधोमध मेकॅनिक बोलावता येत नाही. २०-२५ माणसं असतात, त्यांच्यात जे जमेल ते जमेल. आजकालच्या बऱ्याच जहाजांवर रात्री इंजिन रूममध्ये कुणी नसतं, ड्युटी इंजिनियर केबिनमध्ये झोपलेला असतो आणि काही बिनसलं की अलार्म थेट त्याच्या उशाशी वाजतो, मग ठरलेल्या मिनिटांत खाली पोचून तो बंद करायचा नाहीतर सगळ्या इंजिनियरांना उठवणारा अलार्म होतो. पहिले काही दिवस माणूस बूट घालूनच झोपतो की काय असं वाटतं. पण सहा महिन्यांत त्या पोरात जो फरक पडतो तो कुठल्या ट्रेनिंग प्रोग्रॅमने पडत नाही.

प्रमोशनचंही तसंच. किनाऱ्यावर कोण कुणाचा माणूस ह्यावर निम्मं ठरतं. बोटीवर अगदीच तसं नाही असं नाही म्हणत मी, पण मूळ शिडी ठरलेली आहे, एवढा सी टाइम (बोटीवर काढलेला काळ), एवढे कोर्स, ही परीक्षा, मग वरचं सर्टिफिकेट. बोटीवरच्यांच्या ट्रेनिंग-सर्टिफिकेटचा एसटीसीडब्ल्यू नावाचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१० मध्ये मनिलात त्यात मोठे बदल झाले, त्याच्यानुसार सगळ्या जगात हे चालतं. साहेबाला तुमचा चेहरा आवडला नाही तर तो तुम्हाला परत बोलावणार नाही, पण सर्टिफिकेट तुमच्या खिशातच राहतं आणि दुसरी कंपनी घेते.

आणि नियम. २००६ चं मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, २०१३ च्या ऑगस्टपासून लागू आहे, त्यात लिहिलंय की २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्याला किमान ७७ तास (देशांना कामाच्या तासांची मर्यादा घालायचाही पर्याय आहे), सलग १२ महिने कुणाला बोटीवर ठेवायचं नाही, कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर घरी पोचवायचा खर्च मालकाचा. ऑफिसात काम करणाऱ्या कितीजणांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये विश्रांतीचे तास लिहिलेले असतात सांगा. आता हे सगळं कागदावर आहे आणि रेस्ट अवरच्या तक्त्यात कधीकधी कादंबरी लिहिली जाते हेही खरं, मीसुद्धा लिहिलीय, बंदरात लागोपाठ दोन रात्री जागून तिसऱ्या दिवशी तक्त्यात छान झोप दाखवलीय. चूकच ती.

पैशाचं थोडक्यात. पगार बरा असतो पण खरी गंमत अशी की तो हातात राहतो, राहणं-जेवण जहाजाचं आणि खर्च करायला समुद्रात दुकान नाही. पण तुमच्या पानावर न आलेली गोष्ट म्हणजे बऱ्याच कंपन्यांत ही नोकरी कॉन्ट्रॅक्टपुरती असते, घरी बसलेल्या महिन्यांत पगार येत नाही, रजेचे पैसे काय ते हिशोबात आधीच मिळालेले असतात. हे न कळल्यामुळे पहिल्या सुट्टीत राजासारखे राहून तिसऱ्या महिन्यात उसने मागणारे ज्युनियर मी पाहिलेत.

वाईट काय ते लपवत नाही. माझे वडील गेले तेव्हा आम्ही पॅसिफिकमध्ये होतो, पुढचं बंदर नऊ दिवसांवर. कॅप्टनने सॅटेलाइट फोन हातात दिला आणि केबिनचं दार लावून घेतलं. ह्याची भरपाई कुठल्याच सुट्टीने होत नाही, तेव्हा वरचा तासांचा हिशोब मला कुणी दाखवला असता तर मी तो फाडला असता. २०२० मध्ये कोविडमुळे देशांनी क्रू चेंज (बोटीवरच्या माणसांची अदलाबदल) बंद केला तेव्हा जगभरात सुमारे चार लाख लोक कॉन्ट्रॅक्ट संपूनही बोटीवर अडकले होते, त्यातला एक मी. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा कित्येक कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि घरचे रोज बातम्या लावून बसायचे. ज्याला गर्दी लागते, रोज नवीन चेहरे लागतात, त्याने इकडे येऊच नये, त्याच २० जणांबरोबर तेच मेस रूम, चार महिने.

अजून एक खटकलं. पानावर सगळीकडे "मुलांनी" असंच लिहिलंय. २०२१ च्या अंदाजानुसार जगात सर्टिफिकेट असलेले साधारण १८.९ लाख लोक समुद्रावर काम करतात आणि त्यात बायका २४ हजारांच्या आसपास, म्हणजे १.२८ टक्के. कमी आहेत म्हणून लिहायच्याच नाहीत का? माझ्या गेल्या जहाजावर थर्ड इंजिनियर मुलगी होती, प्युरिफायर (तेल साफ करायचं मशीन) उघडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ज्या पोरापोरींना ठरवता येत नाही त्यांच्यासाठी एकच व्यवहाराची गोष्ट, समुद्रावरून किनाऱ्यावर यायचे रस्ते खूप आहेत, सर्व्हेयर, सुपरिटेंडंट, डेक साइडवाल्यांना (जहाज चालवणाऱ्यांना) पायलट म्हणजे जहाज बंदरात आत-बाहेर नेणारा, बंदर, इन्शुरन्स, शिकवणं, आणि तिथे सी टाइम असलेल्या माणसाला मान असतो. उलटा रस्ता चाळिशीत सापडत नाही. मला सापडला कारण सर्टिफिकेट जिवंत होतं, ते दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्या पाच वर्षांत १२ महिने सी टाइम असला की काम सोपं होतं, नाहीतर कोर्स-परीक्षांची भानगड. माझं चौथं वर्ष भरत आलं तेव्हा बायकोच म्हणाली, जा परत, तू इथे असून तरी कुठे असतोस.

आणि हो, नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा एजंट भेटला तर तिथूनच मागे फिरा. भरतीसाठी उमेदवाराकडून फी घ्यायची नाही असं त्याच मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये आहे, मेडिकल, पासपोर्ट आणि सीमन बुकचा (खलाशाच्या नोंदवहीचा) खर्च तेवढा आपला. पुरवणीत दोन वाक्यांचीच जागा असेल तर पगाराचं काढून हे छापा.

मी पुढच्या महिन्यात जॉइन होतोय. पत्र छापलंत तर मुलगी फोटो काढून पाठवेल, बोटीवर हल्ली वाय-फाय असतं, पाऊस नसला तर चालतंही.

आपला,
एक चीफ इंजिनियर