पहाटेच्या हरीसाबद्दल विहीणबाईंना पत्र

आदरणीय विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

हे पत्र लेक तुम्हाला वाचून दाखवेल. चार लोकांसमोर लिहितेय ते मुद्दाम. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या तुमच्या आर्मेनियन चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देण्याच्या सणाला हल्ली आमच्यासारखी मराठी घरंही येतात. ती द्राक्षांचे फोटो काढतात आणि हरीसा, म्हणजे गहू आणि मांस रात्रभर एकत्र शिजवून केलेला दाट घाटा, खाऊन घरी जातात. त्या वाटीमागे रात्रभर कोण उभं होतं, हे त्यांनाही कळायला हवं.

सण १५ ऑगस्टच्या जवळच्या रविवारी, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा. जुन्या वळणाची माणसं आशीर्वाद मिळेपर्यंत नव्या हंगामाचं द्राक्ष तोंडात घालत नाहीत. आपल्याकडे नवं करतात, तसंच. द्राक्षांचं काम त्या मानाने सोपं. चारशे माणसांना ८० किलो लागतात. आदल्या दिवशी कात्रीने लहान घोस कापायचे, धुवायचे आणि कापडावर पूर्ण कोरडे होऊ द्यायचे. ओले भरले की कागदी पिशव्या फाटतात. नाशिककडच्या माणसाला तर त्यात थॉमसन जातीच्या द्राक्षांचा घोस दिसला की माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं.

हरीसाचं तसं नाही. मागच्या वर्षी ज्यांनी हे काम पैसे घेऊन अंगावर घेतलं होतं, त्यांनी कांडून कोंडा काढलेल्या गव्हाऐवजी बुलगुर घातला. बुलगुर म्हणजे उकडून, वाळवून भरडलेला गहू. तो कितीही वेळ शिजवा, दाणा सुटाच राहतो, मांसाशी एकजीव होत नाही. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, गहू तो गहूच, आणि रात्रभर जागायची काय गरज! लोकांच्या पानात पडली ती पातळ खिचडी, आणि पैसे मात्र पूर्ण घेतले. आपल्याकडे खिरीसाठी गहू ओलवून, सडून, कोंडा काढतात. हरीसाला तोच गहू लागतो. तुम्ही तो मुठीत घेऊन बघता आणि एखादा दाणा दाताखाली फोडता.

या वर्षी तुम्ही स्वतः उभ्या राहिलात. दोन देगांत मिळून १५ किलो गहू, हाडासकट २५ किलो कोकराचं मांस, ११० लिटर पाणी. मांस आधी शिजवून प्रत्येक हाड हाताने काढायचं आणि मगच गहू घालायचा, कारण दाट झाल्यावर त्यात राहिलेलं बारीक हाड सापडत नाही. मध्यरात्रीपर्यंत अधूनमधून ढवळलं तरी चालतं. खरी परीक्षा त्यानंतरची. गव्हाची खळ सुटली की उष्णता वर येत नाही, तळाशीच कोंडते, आणि पाच मिनिटं हात थांबला तरी बुड लागतं. आर्मेनियात ख्रिस्ती धर्म नेणारे संत ग्रेगोर म्हणाले 'हारेक', म्हणजे ढवळा, आणि त्यावरून नाव पडलं हरीसा, ही दंतकथा तुमच्याकडे सांगतात. ती रचणाऱ्याने देग नक्कीच सांभाळली असणार.

पहाटे तीनच्या सुमारास एका देगेचं बुड लागलं. पाळीवरच्या मुलाला डुलकी लागली होती. वास आला तशा तुम्ही आलात आणि आधी जाळ बंद केलात. आम्ही उलथणं घेऊन खरवडायला धावलो, तर तुम्ही हात आडवा केलात. तळ हलवला की करपट वास सगळ्या देगेत पसरतो. मग वरून डावाने काढून दुसऱ्या भांड्यात घालत गेलात, दर दहाएक डावांनी चव घेत. वास लागला त्या क्षणी थांबलात. साधारण १२ लिटर तळाशी सोडून दिलं. कुणीतरी म्हणालं, पाणी घालून वाढवू या. तुम्ही म्हणालात, वाटी लहान करा. घट्टपणा सैल करायला थोडं पाणी लागलं तेही उकळतं घातलंत, कारण गार पाण्याने गुठळ्या होतात.

पण विहीणबाई, आभार मानायचे आहेत ते यासाठी नाहीत. पाळी कुणाची होती, हे तुम्ही विचारलंच नाहीत. तो सतरा-अठरा वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता, मान खाली. तुम्ही लांब दांड्याचं उलथणं परत त्याच्याच हातात दिलंत आणि त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवून तळापर्यंत नेलंत. तळाला टेकलं की दांड्यातून हाताला कळतं, हे शब्दांत सांगता येत नाही. तुमच्या बोटांना पीठ लागलेलं होतं, ते त्याच्या मनगटावर उमटलं. उजाडेपर्यंत त्याने हात थांबवला नाही.

मुसा दाघ या डोंगराच्या आर्मेनियन गावांनी १९१५ साली ऑटोमन सैन्यापुढे डोंगरावर तग धरला. त्यांतलं वाकिफ्ली हे एकच आर्मेनियन गाव आज तुर्कस्तानात उरलंय, आणि तिथे या सणाला सात गावांच्या नावाने सात देगा चढतात. इतकं ज्या अन्नात आहे, ते बिघडलं तर कुणीही चिडलं असतं. चिडण्याचा हक्क असून न चिडणारी माणसं आम्ही फार थोडी पाहिलीत.

सकाळी आशीर्वाद झाल्यावर, लोण्यात परतलेलं लाल तिखट वरून सोडून, पहिली वाटी तुम्ही त्या मुलाला दिलीत.

पुढच्या ऑगस्टचा गहू आम्ही निवडून, आदल्या दुपारी भिजवून ठेवू. तीनची पाळी त्या मुलाने आत्ताच मागून घेतली आहे.

तुमची,
विहीण