भिंतीपलीकडच्या घरासाठी एक आवाहन

मंडळीतल्या बंधुभगिनींनो, आणि आमच्या आवाराच्या आजूबाजूला राहणाऱ्या सर्व शेजाऱ्यांनो,

हे पत्र पैसे मागण्यासाठी आहे, ते आधीच सांगून टाकतो. पैशांबरोबर थोडा वेळही मागणार आहोत, आणि आणखी एक गोष्ट, जी द्यायला काहीच खर्च येत नाही पण जीभ अडखळते. मात्र त्याआधी आमच्या हातून काय झालं ते सांगणं भाग आहे. आजींना विचारूनच लिहितो आहोत.

चर्चच्या पूर्वेकडच्या भिंतीला लागून एक घर आहे. तिथे या आजी एकट्या राहतात. त्या आमच्या मंडळीच्या सभासद नाहीत. एका शनिवारी संध्याकाळी त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, उठता येईना, फोन बाहेरच्या खोलीत. हाका मारून घसा बसला तेव्हा त्यांनी हाताला लागलेला प्लास्टिकचा मग भिंतीवर आपटायला सुरुवात केली. भिंतीच्या अलीकडे आमच्या क्वायरचा सराव चालला होता. आम्हाला तो आवाज ऐकू आला. ऐकूच आला नसता तर निदान मनाची समजूत घालता आली असती. गाण्याचा त्रास होतोय म्हणून कुणीतरी भिंत ठोकतंय असं वाटलं, एकजण उठला, खिडकी लावून घेतली, कीबोर्डचा आवाज कमी केला आणि सराव पुढे चालू झाला.

रविवारची उपासना आजींनी तशीच, फरशीवर पडून ऐकली. सोमवारी सकाळी कामाच्या बाई आल्या तेव्हा दार उघडलं गेलं. पुढे आमच्यापैकी काहीजण दवाखान्यात भेटायला गेले. खाली माना घालून उभ्या राहिलेल्यांना आजी म्हणाल्या, "तिसरं गाणं तुम्ही पाच वेळा चुकलात. मी मोजत होते, झोप लागू नये म्हणून." त्या हसत होत्या. आम्हाला हसता आलं नाही.

आता बऱ्या आहेत. काठी घेऊन चालतात. पण त्या सोमवारनंतर पंचांच्या बैठकीत, महिला मंडळात, तरुण संघात एकच प्रश्न फिरत राहिला: इतकी वर्षं आपण इथे आहोत म्हणजे नक्की काय करतो आहोत? आमचे बहुतेक सभासद लांबून येतात, उपासना झाली की गाड्या काढून निघून जातात. आवारासमोरच्या घरांत कोण राहतं हे आमच्यातल्या निम्म्यांना सांगता आलं नाही. एकाने तर समोरच्या घराला 'ते निळ्या दाराचं' एवढंच म्हटलं.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलं 14 वं वचन आम्हाला पाठ आहे. शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये 'वस्ती केली'. मूळ ग्रीक क्रियापदात तंबू ठोकून राहण्याचा अर्थ आहे. मराठीत मात्र 'वस्ती' म्हणजे राहणंही आणि लोक राहतात ती जागाही. आमचा सगळा विश्वास या एका शब्दात बसतो असं आता वाटू लागलं आहे. देवाने वरून काही पाठवून दिलं नाही, तो राहायला आला. एका गावात, एका सुताराच्या घरात, नावानिशी ओळखणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये. चर्चच्या कारभारात 'पॅरिश' हा शब्द आपण वापरतो तोसुद्धा ग्रीकमधून आला आहे, आणि त्याच्या मुळाशीही 'जवळ राहणं', 'परक्या ठिकाणी मुक्काम करणं' असाच भाव आहे. म्हणजे पॅरिश ही सभासदांची यादी नव्हे. त्या हद्दीत येणारं प्रत्येक घर तिच्यात आलं, त्या घरातली माणसं उपासनेला येवोत न येवोत.

काही शेजाऱ्यांनी विचारलं, आणि योग्यच विचारलं, की तुम्ही नेमकं मानता काय? तर सरळ सांगतो. आम्ही एका देवाला मानतो: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. येशू ख्रिस्त आमच्यासाठी वधस्तंभावर मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी उठला, असा आमचा विश्वास आहे. इ.स. 325 मध्ये निकिया इथे भरलेल्या धर्मसभेने जो मतांगीकार, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, घालून दिला आणि जो पुढे 381 मध्ये विस्तारला गेला, तोच आम्ही आजही म्हणतो. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे असं बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात लिहिलं आहे. तिथे 'प्रत्येक ख्रिस्ती माणूस' असं लिहिलेलं नाही.

यावरूनच बैठकीत सगळ्यांत जोराचा वाद झाला. मदतीबरोबर शुभवर्तमानाची पत्रिका द्यायची की नाही? द्यावी म्हणणाऱ्यांचा मुद्दा सोपा होता: जे आपल्याला सर्वांत मोलाचं वाटतं तेच लपवून ठेवायचं का? मुद्दा पोकळ नव्हता. पण औषधाच्या पाकिटात पत्रिका सरकवली की घेणाऱ्याला नाही म्हणायची सोय उरत नाही, आणि जे नाकारता येत नाही त्याला भेट म्हणवत नाही. आमिष लावलेला गळ फार तर म्हणता येईल. दोन बैठकांनंतर ठरलं ते असं: मदत मागणाऱ्याला धर्म विचारायचा नाही, प्रार्थनेची अट घालायची नाही, पत्रिका द्यायची नाही. कुणी आपणहून विचारलं की हे सगळं का करता, तर मात्र खरं कारण सांगायचं, आडपडदा न ठेवता. मदत घेणाऱ्या घरातलं कुणी उपासनेला आलं किंवा आलं नाही, याची नोंदसुद्धा कुठे ठेवायची नाही.

भटकलेल्या आमच्यासारख्या मंडळ्या पूर्वीही होत्या, एवढाच काय तो दिलासा. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय तक्रारीनेच सुरू होतो. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी तक्रार झटकून टाकली नाही. त्यांनी सात माणसं निवडायला सांगितलं, आणि निवडलेल्या सातांची नावं पाहिली तर स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन, सगळीच ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हाती वाटप गेलं असावं. आम्हीही सात जणांची शेजार समिती नेमली आहे. त्यातले तिघे मंडळीचे सभासद नाहीत, शेजारी आहेत. त्या तिघांत आजी आहेत. पहिल्याच बैठकीत त्यांनी अध्यक्षांना दोनदा गप्प केलं.

आता कामाकडे वळतो.

चर्चच्या मागचा हॉल आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असतो. तो शेजाऱ्यांसाठी उघडायचा आहे: दुपारी ज्यांना घरात एकटं वाटतं त्या वयस्कर मंडळींसाठी, संध्याकाळी ज्यांना घरात अभ्यासाला कोपरा मिळत नाही त्या मुलांसाठी. यात पहिली अडचण पायऱ्यांची. हॉलला चार पायऱ्या आहेत, जमिनीपासून उंबऱ्यापर्यंत 60 सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीसाठी उतार घालायचा तर चढ एकास बारा धरतात, म्हणजे तो 7.2 मीटर लांब होतो. सरळ रेषेत तेवढी जागा नाही, म्हणून मध्ये सपाट टप्पा देऊन वळवावा लागेल. दोन्ही बाजूंना कठडा हवा. त्यात दोन गाड्या लावायची जागा जाते, आणि ती कुणाची जाते यावर काय झालं ते इथे लिहीत नाही. दुसरं, स्वच्छतागृह. आताचं दार अरुंद आहे. ते 90 सेंटिमीटरचं करायचं, आत खुर्ची फिरायला दीड मीटरचा घेर मोकळा ठेवायचा, भिंतीला धरायच्या दांड्या बसवायच्या आणि फरशी न घसरणारी घालायची. फरशीचा आग्रह कुणाचा, ते सांगायला नको.

याशिवाय शेजार निधी. अचानक ओढवलेल्या गरजेसाठी: औषधं, परीक्षेची फी, तुटलेलं वीज कनेक्शन, अंत्यविधीचा खर्च. रकमा मोठ्या नसतात, पण त्या त्याच दिवशी लागतात, आणि अर्ज, शिफारस, बैठक यांत दिवस गेला की मग त्यांचा उपयोग नसतो. म्हणून ठरावीक मर्यादेपर्यंत समितीतले कोणतेही दोघे मिळून तिथल्या तिथे निर्णय घेऊ शकतील.

उतार आणि स्वच्छतागृह यांचा निम्मा खर्च मंडळी स्वतःच्या शिलकीतून करणार आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे आवाहन आहे. शेजार निधीत दर रविवारच्या अर्पणाचा दहावा हिस्सा घालायचा, हेही ठरलं आहे. सभासदांकडून दशांश मागणाऱ्या मंडळीने स्वतःचा दशांश द्यायला नको का?

कुणावरही सक्ती नाही. इ.स. 155 च्या सुमाराला जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचं वर्णन लिहिलं. त्यात ते सांगतात की ज्यांची ऐपत आणि इच्छा आहे ते आपापल्या मनाप्रमाणे देतात आणि ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी वापरलं जातं. ऐपत आणि इच्छा, दोन्ही. ज्यांच्या घरी सध्या ओढाताण आहे त्यांनी द्यायचं नाही, उलट आम्हाला सांगायचं. ही पद्धत पुढे इतकी रुजली की इ.स. 362 च्या सुमारास जुन्या दैवतांची उपासना परत आणू पाहणाऱ्या सम्राट जूलियनने आपल्या एका पुरोहिताला वैतागून लिहिलं, की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्याच काय, आपल्याही गरिबांना पोसतात. आमच्याविषयी अशी तक्रार अजून कुणी केलेली नाही.

हिशेबाविषयी दोन शब्द, कारण मंडळ्यांमधली भांडणं बहुतेक इथेच होतात. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी प्रेषित पौलाने वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांच्या विश्वासातली आणखी माणसं दिली, आणि करिंथकरांना पाठवलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात कारणही स्पष्ट लिहिलं: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी आम्हाला दोष देऊ नये. प्रेषिताला जे कमीपणाचं वाटलं नाही ते आम्हाला का वाटावं? प्रत्येक रकमेची पावती मिळेल. खात्यावर दोन सह्या, एक पंचांची आणि एक समितीतल्या बिगर-सभासदाची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च फाटकाजवळच्या फळ्यावर लागेल, रस्त्याच्या बाजूला, आतल्या नव्हे. मदत घेणाऱ्यांची नावं त्यात नसतील. देणाऱ्यांचीही नसतील, आणि उतारावर संगमरवरी पाटी बसणार नाही. कुणाच्या स्मरणार्थ द्यायचं असेल तर जरूर द्या, नाव प्रार्थनेत घेऊ.

वस्तूंमध्ये हात टेकायची सोय असलेल्या मजबूत खुर्च्या, चांगल्या उजेडाचे दिवे आणि शालेय पुस्तकं हवी आहेत. जुने कपडे कृपा करून आणू नका. मागच्या वेळचे अजून कपाटात आहेत.

आता वेळ. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आपण नेहमी त्या वाटसरूचंच कौतुक करतो. त्याने वाटेत जखमी पडलेल्या माणसाच्या जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून नेलं, दोन दीनार दिले, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी निघून गेला. त्यानंतर त्या जखमी माणसाचं सगळं उतारशाळेच्या मालकाने केलं. त्याच्या वाट्याला उपदेश क्वचितच येतो. आम्हाला दोन दीनार देणारे हवेत, पण उतारशाळेचे मालक जास्त हवेत. दोघादोघांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीकडे जवळची दहा घरं द्यायची, आठवड्यातून एकदा दार वाजवायचं, एवढंच काम. ज्यांना नको आहे त्यांच्याकडे जायचं नाही. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. मुलांच्या अभ्यासिकेत कुणीही मोठं माणूस मुलाबरोबर एकटं थांबणार नाही, हा नियम पाळकांनाही लागू आहे.

शेवटची गोष्ट शेजाऱ्यांकडे मागतो. तुम्हाला कुणाची काळजी वाटत असेल तर आम्हाला कळवा. आणि तुमच्यावर वेळ आली तर मागा. मागणं देण्यापेक्षा जड जातं, हे आम्हाला आता कुठे उमगतंय, कारण हे पत्र लिहायलाच तीन आठवडे लागले.

अर्पण रविवारी उपासनेनंतर खजिनदारांकडे द्या किंवा फाटकाजवळच्या पेटीत टाका. पाकिटावर 'उतार', 'स्वच्छतागृह' किंवा 'शेजार निधी' असं लिहा. काहीच लिहिलं नसेल तर ते शेजार निधीत जाईल. जोडीत यायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी या, क्वायरच्या सरावाआधी समिती हॉलमध्ये बसते. सरावाच्या वेळी पूर्वेकडची खिडकी आता उघडी असते. भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला तर गाणं तिथेच थांबवून आधी जाऊन पाहायचं, असं क्वायरला सांगून ठेवलं आहे. आतापर्यंत दोनदा थांबलं. दोन्ही वेळा आजीच होत्या. तिसरं गाणं अजून चुकतंय म्हणत होत्या.

आपले,
मंडळीचे पाळक, पंच आणि शेजार समिती